‘ती दमली’, ‘तिला नकोसे झाले’, ‘तिच्याने होत नाही’ : स्त्रीच्या थकव्याची मराठी परिभाषा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ या अवस्थेची व्याख्या देण्यात आली आहे. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचत गेलेल्या आणि वेळीच न निवारलेल्या ताणातून ही अवस्था उद्भवते. तिची अंगे तीन : शक्ती संपल्याची जाणीव, आपल्याच कामाविषयी वाटू लागलेली परकेपणाची वा तिटकाऱ्याची भावना, आणि कर्तृत्व उणावल्याचा प्रत्यय. तिला रोग मानलेले नाही. व्यवसायाशी निगडित घटना म्हणून तिची नोंद आहे. या व्याख्येला जोडलेली एक मर्यादा मात्र विशेष चिंत्य आहे. ही संज्ञा केवळ व्यावसायिक संदर्भातच योजावी, जीवनाच्या अन्य क्षेत्रांतील अनुभवांना लावू नये, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे.

ही मर्यादा शास्त्रीय काटेकोरपणासाठी घातली गेली असेल. परंतु तिचा परिणाम असा की ज्या श्रमाला पगार नाही, त्या श्रमातून येणारी ही अवस्था व्याख्येबाहेर पडते. भारत शासनाच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो. ती कामे करणाऱ्या पुरुषांचा जातो ८८ मिनिटे. जवळजवळ पाच तासांच्या या कामाला सुटी नाही, निवृत्ती नाही आणि वरिष्ठाकडे देता येईल असा राजीनामाही नाही. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये ही संज्ञा वैद्यकीय चर्चेत आणली, तेव्हा त्यांच्यासमोर मोफत दवाखान्यात तळमळीने राबणारे कार्यकर्ते होते. स्त्रियांच्या बर्नआउटवर स्वतंत्र ग्रंथ गेल नॉर्थ यांच्यासह त्यांनीच १९८५ मध्ये लिहिला. म्हणजे संज्ञेच्या जनकाला जी व्याप्ती मान्य होती, ती अधिकृत व्याख्येने आखडून घेतली, असे म्हणणे भाग आहे.

मराठीत ही संज्ञा आणण्याचे प्रयत्न फारसे सुखावह झालेले नाहीत. इंधन जळून संपणे या मूळ कल्पनेचे शब्दशः भाषांतर येथे चालत नाही, कारण मराठीत माणूस ‘जळतो’ तो मत्सराने. ‘ती जळते’ या वाक्याचा मराठी ऐकणाऱ्याला होणारा बोध अगदी निराळा आहे. ‘होरपळणे’ आणि ‘करपणे’ ही क्रियापदे आपत्तीची वा कोमेजलेल्या आयुष्याची आहेत. त्यांत कामाचा संबंध नाही. ‘भावनिक थकवा’ हा पर्याय तीन अंगांपैकी एकाचेच नाव सांगतो. ‘बर्नआउट’ हाच शब्द देवनागरीत लिहिण्याची रूढी पडत चालली आहे, आणि तिला आक्षेप घेण्याचे कारण नाही. मात्र त्यावरून मराठीला ही अवस्थाच अपरिचित होती असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. येथे परिचय शब्दकोशात शोधण्याऐवजी व्याकरणात शोधावा लागतो.

थकव्याविषयीची मराठी वाक्ये कर्त्याच्या विभक्तीनुसार तीन गटांत पडतात. ‘ती दमली’, ‘ती थकली’, ‘ती भागली’ येथे कर्ता प्रथमेत आहे. थकवा शरीराचा आहे, तो कामामागून आला आहे आणि विश्रांतीने जाणार आहे. ‘तिला कंटाळा आला’, ‘तिला वीट आला’, ‘तिला सगळे नकोसे झाले’ या वाक्यांत अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत जाते. भावना कोठून तरी ‘येते’, ती व्यक्तीवर येऊन ठेपते, आणि जे नकोसे झाले ते काम किंवा ती माणसे वाक्यात उद्देश्य होऊन बसतात. तिसरा गट शक्य क्रियापदांचा : ‘तिच्याने होत नाही’, ‘तिच्याने आता करवत नाही’. कर्ता येथे तृतीयेत आहे आणि हे प्रयोग बहुधा नकारार्थीच आढळतात. इच्छा आहे, काम समोर आहे, पण कर्तेपण उरलेले नाही.

प्रथमा, चतुर्थी आणि तृतीया या तीन रचनांची त्या व्याख्येतील तीन अंगांशी सांगड घातली, तर साम्य लक्षणीय दिसते. शक्तिक्षय, परकेपणा आणि कर्तृत्वहानी हा क्रम मराठी बोलणारी कोणतीही स्त्री शास्त्राच्या साहाय्याविना सांगू शकते. क्रिस्टीना मॅस्लॅक यांनी ही तीन अंगे मोजणारी प्रश्नावली सुसान जॅक्सन यांच्यासह १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. ही वाक्ये त्यापूर्वी कितीतरी आधीपासून बोलली जात होती.

मग ही अवस्था ओळखली का जात नाही? याचे उत्तर वाक्यांपेक्षा त्यांना मिळणाऱ्या प्रत्युत्तरांत आहे. ‘दमले’ म्हणणाऱ्या सुनेला ‘जरा पड घटकाभर’ असे उत्तर मिळू शकते. हे वाक्य समाजाने मान्य केलेले आहे. ‘वीट आला’ म्हटले की ‘वीट यायला काय झालं? सगळं तर आहे’ असा प्रतिप्रश्न येतो. आणि ‘माझ्याने होत नाही’ या तिसऱ्या वाक्याला घरातील वडीलधाऱ्या स्त्रीकडूनच उत्तर येते : ‘कुणाच्याने होतं, बाई? आम्ही नाही केलं?’ पहिल्या वाक्याला सवलत मिळते, दुसऱ्याची चौकशी होते, तिसऱ्याची तुलना होते. परिणामी तिसऱ्या अवस्थेला पोचलेली स्त्रीसुद्धा पहिलेच वाक्य उच्चारते, आणि ऐकणारा पहिल्याच वाक्याचा उपाय सुचवतो. येथे एक वैद्यकीय सावधगिरीही आवश्यक आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्यांच्यापैकी अनेकींचे ‘दमले’ हे अक्षरशः रक्ताचे विधान असते, आणि नैराश्य वा थायरॉइडचे विकारही याच वाक्याआड दडतात. वाक्य एकच असले तरी तपासणी करावीच लागते.

‘अंग’ या शब्दाभोवती जमलेले वाक्प्रचार हा या विषयाचा सर्वांत बोलका भाग होय. काम ‘अंगावर पडते’, ते ‘अंगावर घेतले’ जाते, कालांतराने ‘अंगवळणी पडते’, ‘अंग मोडून’ केले जाते, आणि त्यातून उद्भवलेले दुखणे ‘अंगावर काढले’ जाते. ही मालिका क्रमाने वाचली म्हणजे एक आयुष्यक्रमच समोर येतो. दुखणे अंगावर काढण्यात सहनशीलतेचे कौतुक सूचित असते. या मालिकेचा विरुद्धार्थी शब्द मात्र एकच आहे : ‘अंग चोरणे’. काम कमी करणे ही मराठीत चोरी ठरली आहे. चोरी आहे, तर मालक कोण, हा प्रश्न वाक्प्रचाराने विचारलेला नाही. अंग मोडणे आणि अंग चोरणे यांच्या मध्ये, मर्यादा ओळखून थांबणे या अर्थाचा प्रतिष्ठित वाक्प्रचार सापडत नाही. (‘श्रमपरिहार’ हा एक शब्द आहे खरा; पण व्यवहारात त्याचा अर्थ कार्यक्रमानंतरचे जेवण असा झाला आहे, आणि ते जेवण रांधणाऱ्यांच्या श्रमांचा परिहार कोणी करायचा हे निमंत्रणपत्रिकेत छापलेले नसते.)

ही चर्चा निव्वळ शब्दांची वाटू नये, यासाठी ऊसतोडीच्या बोलीकडे पाहावे. या धंद्यात मजुरीचे एकक ‘कोयता’ हे आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल या जोडीला मिळते. ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहनापर्यंत नेणे आणि त्याआधी पहाटे कोपीवर स्वयंपाक उरकणे, यांतील स्त्रीचा वाटा गणनेत वेगळा दिसत नाही. कामावर न गेलेला दिवस म्हणजे ‘खाडा’, त्याचा दंड. बीड जिल्ह्यातील या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये उघड झाला, तेव्हा शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,००० हून अधिक स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यामागे कारणे अनेक होती. खाडा पडू नये ही निकड त्यांपैकी एक होती. येथे थकवा व्यक्त करायला वाक्य तर नाहीच, पण थकणाऱ्या व्यक्तीला स्वतंत्र नामही नाही.

मराठी स्त्रीलेखनात या तीन वाक्यांपैकी कोणती वाक्ये उमटली, हा समीक्षेचा खरा प्रश्न आहे. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथाचे वाचन सामान्यतः सुधारक पती आणि शिकणारी पत्नी यांची कथा म्हणून होते. वस्तुतः त्यात दुहेरी नोकरीचे चित्र आहे. घरातील वडील स्त्रियांना शिक्षण नको, पतीला ते हवे. दोन्हीकडची मर्जी एकाच देहाने राखायची, आणि बोलणी ऐकून उलट उत्तर द्यायचे नाही. या कोंडीचे वर्णन रमाबाई प्रांजळपणे करतात. तथापि कष्टाची आणि प्रकृतीची सर्वांत हळुवार नोंद येते ती रानड्यांविषयी लिहिताना. शीर्षकातील ‘आमच्या’ या सर्वनामाने जे मोठेपण दिले, त्यानेच ‘माझ्याने’ या सर्वनामाची जागाही घेतली, असे या ग्रंथाविषयी म्हणता येईल.

विभावरी शिरूरकर या टोपणनावाने बाळूताई खरे, म्हणजे नंतरच्या मालतीबाई बेडेकर, यांनी १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. त्यातील ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हे कथाशीर्षक स्वतःच एक व्याकरणिक आक्षेप आहे. ‘बाबांचा’ आणि ‘माझा’ या दोन षष्ठ्या एका वाक्यात आमनेसामने ठेवून शिकलेल्या मुलीच्या कर्तव्यावर त्यात प्रश्नचिन्ह ठेवले आहे. हा संग्रह गाजला तो स्त्रीच्या अतृप्तीचे धाडसी चित्रण म्हणून. टीकाकारांचे लक्ष प्रेमाकडे आणि विवाहाकडे राहिले, श्रमाकडे गेले नाही. ज्या कामावर मालकी नाही त्याची जबाबदारी मात्र पूर्ण आहे, या विसंगतीतून परकेपणा जन्मतो. चतुर्थीच्या ‘नकोसे झाले’ या वाक्याचे मूळ या षष्ठीच्या वादात आहे. त्या दृष्टीने हा संग्रह पुन्हा वाचला गेला पाहिजे.

जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत रसग्राहक समीक्षेने अधिक मोठी चूक केली आहे. ओवीत गोडवा आहे, तेव्हा दळणाऱ्या स्त्रीला कष्ट गोड वाटत होते, असा तर्क वारंवार मांडला गेला. गाणे श्रमाच्या लयीतून येते हे खरे. पण लय म्हणजे आनंद नव्हे. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील खेडोपाडी संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांत आई, भाऊ, माहेर, सासुरवास यांची आवर्तने दिसतात. ऐकणारे माणूस पहाटे जवळ नसते, म्हणून जात्यालाच देव मानून त्याच्यापाशी मन मोकळे केले जाते. घरात ज्या वाक्याला तुलनेचे उत्तर मिळते, ते वाक्य उत्तर न देणाऱ्या दगडाला सांगण्याची ही युक्ती आहे.

ओवीतील माहेराच्या ओढीमुळे सावरण्याचा प्रश्न ओघानेच पुढे येतो. मराठी समाजाने स्त्रीच्या शिणावर काढलेला मान्य तोडगा म्हणजे माहेरपण. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही : कामातून सुटका, नाव घेऊन हाक मारणारी माणसे, आणि सिद्ध करून दाखवण्यासारखे काही नसणे, या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. त्याची मर्यादा दुहेरी आहे. परतल्यावर काम होते तसेच, होते तितकेच असते. आणि माहेरवाशिणीच्या विसाव्याचे चार दिवस भावजयीच्या अंगावर पडतात. एका स्त्रीची सुटी दुसरीच्या खात्यावर मांडली जाते.

नुसत्या विश्रांतीच्या अपुरेपणाचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेवर १८८७ मध्ये फिलाडेल्फियाच्या सायलस वीअर मिचेल या डॉक्टरांनी तेव्हा प्रतिष्ठित असलेले विश्रांतिचिकित्सेचे उपचार केले. शक्य तितके घरगुती जीवन जगावे, बौद्धिक काम दिवसाला दोन तासांवर जाऊ देऊ नये, लेखणी हाती धरू नये, असा त्यांचा सल्ला होता. तो पाळून गिलमन वेडाच्या उंबरठ्यावर पोचल्या. सल्ला झुगारून लिहू लागल्यावर सावरल्या. आणि १८९२ मध्ये त्या अनुभवावरची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा प्रसिद्ध झाली. तृतीयेच्या दुखण्यावर प्रथमेचे औषध दिले गेले होते. गेलेले कर्तेपण पडून राहिल्याने परत येत नाही. उलट सक्तीची विश्रांती त्याचा उरलासुरला अंशही काढून घेते. मॅस्लॅक आणि मायकेल लायटर यांनी १९९७ च्या ग्रंथात दोष व्यक्तीपेक्षा व्यक्ती आणि काम यांच्या विजोडपणात शोधला. कामाचा बोजा, कामावरील अधिकार, मोबदला, सहवास, न्याय आणि मूल्ये ही त्यांनी सांगितलेली सहा क्षेत्रे होत. माहेरपण यांपैकी बोजा चार दिवस उतरवते आणि सहवास देते. उरलेल्या चार क्षेत्रांना ते स्पर्शही करत नाही. घरकामाच्या बाबतीत पहिला बदल बोजाच्या वाटणीत आणि अधिकारात व्हावा लागेल. कोणते काम होणार नाही, हे ठरवण्याचा अधिकारही त्यातच येतो.

गिलमन यांची लेखणी आणि दळणारीची ओवी यांत अंतर पुष्कळ आहे. एकीने सल्ला मोडून लिहिले, दुसरीने काम न थांबवता गायिले. तरीही दोन्हीकडे स्वतःच्या उच्चाराने कर्तेपणाचा काही भाग राखला गेला, हे साम्य नाकारता येत नाही. पिठाच्या गिरण्या आल्या आणि दळणाचे कष्ट गेले, ही निःसंशय सुटका होती. संकलनासाठी गेलेल्या अभ्यासकांसमोर अनेक स्त्रियांनी वापरातून गेलेल्या जात्याशी बसून, खुंटा हातात धरून ओव्या म्हटल्या.