कर्नलची जुळवणी आणि हरवलेली कारणे : केकॉन्फिगची समीक्षा



एम्बेडेड सिस्टीम्सच्या तोंडी परीक्षेत मी एक प्रश्न हमखास विचारतो. विद्यार्थ्याच्या बोर्डावर लिनक्स चालू झालेले असते, तो खुशीत असतो. मी त्याला डॉट-कॉन्फिग फाइल उघडायला सांगतो, एका ओळीवर बोट ठेवतो आणि विचारतो, "हा पर्याय 'वाय' का आहे?" बहुतेक वेळा उत्तर येते, "सर, बोर्डाबरोबर तसाच आला होता."

उत्तर खरे असते, पण ते अभियंत्याचे उत्तर नव्हे. तरी सगळा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे बरोबर नाही. ज्या साधनाने आपण कर्नलची जुळवणी करतो ते साधन प्रत्येक पर्यायाचे मूल्य विचारते, कारण विचारत नाही. आपण विचार करून कारण लिहून ठेवले तरी ते टिकू देत नाही. या टिपणात त्या साधनाचे, म्हणजे लिनक्सच्या केकॉन्फिगचे, गुणदोष पाहू. उदाहरणासाठी बीगलबोन ब्लॅक हा बोर्ड घेऊ. त्यावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एएम३३५एक्स प्रोसेसर, त्यात एक कॉर्टेक्स-ए८ गाभा आणि बोर्डावर ५१२ एमबी रॅम असते. (पर्यायांची व आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टर्मिनलवर ती रोमन लिपीतच टंकावीत.)

१. आधी श्रेय

लिनक्स कर्नलमध्ये आज दहा हजारांहून अधिक पर्याय आहेत. त्यांचे परस्परसंबंध सांभाळणारी केकॉन्फिग ही छोटी भाषा रोमन झिपेल यांनी लिहिली आणि २००२ मध्ये, २.५ या विकास-मालिकेत, ती कर्नलमध्ये आली. त्याच सुमारास एरिक रेमंड यांची सीएमएल२ ही प्रणालीही स्पर्धेत होती. ती पायथॉनमध्ये होती आणि बरीच महत्त्वाकांक्षी होती, पण स्वीकारली गेली नाही.

केकॉन्फिगचा मोठा गुण असा की पर्यायाची व्याख्या त्याच्या कोडच्या शेजारीच राहते. ड्रायव्हरच्या फोल्डरमध्येच केकॉन्फिग फाइल असते. तीत पर्यायाचा प्रकार, तो कशावर अवलंबून आहे, त्याचे मूळ मूल्य आणि मदतीचा मजकूर असतो. बहुतेक ड्रायव्हरांना तीन मूल्ये घेता येतात : 'वाय' म्हणजे कर्नलमध्ये अंगभूत, 'एम' म्हणजे वेगळे मॉड्यूल, 'एन' म्हणजे नाही. ही भाषा इतकी उपयोगी ठरली की यू-बूट, बिझीबॉक्स, बिल्डरूट आणि झेफिर यांनीही ती उचलली. म्हणजे ती एकदा शिकलात की अनेक ठिकाणी कामाला येते. पुढची टीका वाचताना हे श्रेय विसरू नका.

२. किल्ली कपाटात

काही वर्षांपूर्वी माझ्याच टिपणांत एक वाक्य होते : "जे मॉड्यूल करता येईल ते मॉड्यूल करा, कर्नल लहान राहतो." एका गटाने ते मनापासून पाळले आणि ईएक्सटी४ ही फाइलप्रणाली 'एम' केली. संकलन सुरळीत पार पडले, एकही इशारा आला नाही. बोर्ड मात्र पॅनिक देऊन थांबला.

कारण साधे होते. मूळ विभाजन एसडी कार्डावर ईएक्सटी४ मध्ये होते. ते वाचायला लागणारे मॉड्यूल त्याच विभाजनावर होते. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कुलूप लावावे तसा प्रकार. डेस्कटॉपच्या लिनक्समध्ये हे चालते, कारण तिथे सुरुवातीची मॉड्यूल्स इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे कर्नलबरोबर रॅममध्ये येणाऱ्या छोट्या फाइलसंचात, असतात. आमच्या बोर्डावर इनिटरॅमएफएस नव्हते.

यातले निदान शिकण्यासारखे आहे. पॅनिकच्या ओळीत 'अननोन-ब्लॉक' या शब्दापुढे कंसात दोन आकडे येतात. ते १७९ आणि २ असतील, तर १७९ हा एमएमसी उपकरणांचा मेजर क्रमांक आहे. म्हणजे कार्ड सापडले, त्याचे दुसरे विभाजनही सापडले. फक्त ते वाचणारी फाइलप्रणाली कर्नलमध्ये नाही. दोन्ही आकडे शून्य असतील तर उपकरणच सापडलेले नाही; एमएमसीचा ड्रायव्हर किंवा 'रूट=' हा बूट-आदेश तपासा. आणि बूट-आदेशात 'रूटवेट' असून ड्रायव्हर अंगभूत नसेल तर पॅनिकही येत नाही. कर्नल मूळ उपकरणाची वाट पाहत आहे असे सांगतो आणि पाहतच राहतो.

येथे केकॉन्फिगची मर्यादा दिसते. ईएक्सटी४ 'एम' असणे त्याच्या नियमांत पूर्णपणे वैध आहे. तुमचे मूळ विभाजन कोणते, इनिटरॅमएफएस आहे की नाही, हे त्याला माहीत नाही. जुळवणी सुसंगत आहे की नाही एवढेच ते सांगते. ती तुमच्या बोर्डासाठी योग्य आहे की नाही, हे ठरवणे तुमच्याकडे राहते. मेन्यूकॉन्फिग तक्रारीविना बंद झाले की आपण निश्चिंत होतो, ती निश्चिंती खोटी असते.

३. गप्प बसणारे साधन

दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो. तुम्ही डॉट-कॉन्फिगमध्ये हाताने एक पर्याय 'वाय' केलात, पण तो ज्यावर अवलंबून आहे तो पर्याय बंद आहे. 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवलेत की तुमची ओळ निमूटपणे गळून जाते. एखाद्या पर्यायाचे नाव नव्या आवृत्तीत बदलले असेल तरी तेच होते : जुनी ओळ टाकून दिली जाते. अलीकडच्या आवृत्त्यांत अनोळखी नावांबद्दल इशारा मागता येतो, पण तो मागावा लागतो. झेफिरची तुलना इथे उद्बोधक आहे. तुम्ही मागितलेले मूल्य मिळाले नाही तर झेफिर ते स्पष्ट सांगतो आणि कोणती अट अपुरी राहिली तेही दाखवतो.

उलट दिशेचा दोष 'सिलेक्ट' या शब्दात आहे. एका पर्यायाने दुसऱ्याला 'सिलेक्ट' केले की दुसरा चालू होतो, त्याच्या स्वतःच्या अटी पूर्ण असोत वा नसोत. कर्नलचे दस्तऐवजीकरणच सांगते की हा शब्द जपून वापरावा. परिणाम असा की तुम्ही एखादा पर्याय बंद करायला जाता आणि तो बंद होत नाही, कारण दुसरे कोणीतरी त्याला धरून बसलेले असते. मेन्यूकॉन्फिगमध्ये तिरकी रेघ दाबून पर्यायाचे नाव शोधा. तिथे तो कशावर अवलंबून आहे आणि कोणी निवडला आहे, दोन्ही दिसते. ही सोय अनेक विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षापर्यंत ठाऊक नसते.

४. मदतीचा मजकूर

प्रत्येक पर्यायाजवळची मदत हा कर्नलमधला बहुधा सर्वांत जास्त वाचला जाणारा आणि सर्वांत कमी तपासला जाणारा मजकूर. अनेक ठिकाणी ती वर्तुळात फिरते : अमुक चिप असेल तर अमुक चिपचा ड्रायव्हर चालू करा. चिप आहे की नाही हेच ज्याला शोधायचे आहे त्याला याचा काय उपयोग? 'खात्री नसेल तर वाय' किंवा 'खात्री नसेल तर एन' हा सल्लाही वारंवार भेटतो. घाईत तो सोयीचा असतो, पण खात्री कशी करून घ्यावी हे तो सांगत नाही.

चांगली मदत कशी असते तेही पाहा. ओमॅप घराण्याच्या सिरियल पोर्टचा ड्रायव्हर बदलला तेव्हा पोर्टचे नाव 'टीटीवायओ' ऐवजी 'टीटीवायएस' झाले. बूट-आदेशात जुने नाव राहिले तर पडद्यावर काहीच उमटणार नाही. म्हणून जुने नाव बदलून घेणारा एक पर्याय ठेवला गेला. त्याच्या मदतीत तो काय करतो, तो नसल्यास काय दिसणार नाही आणि तो असूनही लॉगिनसाठी गेटीची जुळवणी वेगळी करावी लागते, हे सगळे थोडक्यात आहे. असा मजकूर लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याची अडचण आधी पाहिलेली असते.

नावांतही धडा आहे. फारसे न लागणारे मूलभूत भाग बंद करू देणाऱ्या पर्यायाचे नाव पूर्वी 'एम्बेडेड' होते. ते २०११ मध्ये 'एक्स्पर्ट' करण्यात आले. बदल योग्यच होता. 'एम्बेडेड' वाचून 'हे माझ्यासाठीच' असे वाटते. 'एक्स्पर्ट' वाचून माणूस थबकतो. आपल्या क्षेत्रात तो थबकणे फार मोलाचे आहे.

५. डेफकॉन्फिग कोणाच्या प्रश्नाचे उत्तर?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ : "बोर्डाबरोबर तसाच आला होता." एआरएमसाठी एकेकाळी बोर्डागणिक डेफकॉन्फिग होती आणि त्या फाइली अवाढव्य होत्या. २०१० मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर कडक आक्षेप घेतला. त्यानंतर 'सेव्हडेफकॉन्फिग' आले, जे मूळ मूल्यापेक्षा वेगळ्या असलेल्या ओळीच ठेवते. पुढे डिव्हाइस ट्री आली आणि एकच कर्नल अनेक कंपन्यांच्या प्रोसेसरांवर चालू लागला. मल्टी_व्ही७_डेफकॉन्फिग ही त्याचीच खूण.

पण तिचा हेतू ओळखा. शक्य तितक्या बोर्डांवर एक कर्नल सुरू व्हावा आणि देखभाल करणाऱ्यांना एका संकलनात बरेच काही तपासता यावे, यासाठी ती आहे. तीत एएम३३५एक्स आहे, तसेच तुमच्या बोर्डावर कधीही नसणाऱ्या इतर प्रोसेसरांचा आधारही आहे. सुरुवात करायला ती उत्तम. तीच फाइल उत्पादनात जशीच्या तशी पाठवणे म्हणजे दुसऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या उत्तरपत्रिकेत लिहिणे. वीजमीटर किंवा दवाखान्यातले उपकरण अनेक वर्षे वापरात राहते. त्यात डीबगएफएस किंवा डेव्हमेम चालू का आहे, हे पाच वर्षांनी कोणी विचारले तर उत्तर देणारा कोणीतरी हवा, निदान कुठेतरी ते लिहिलेले हवे.

६. कारण कुठे लिहायचे?

डॉट-कॉन्फिगमध्ये टीप लिहून उपयोग नाही. पुढच्या वेळी जुळवणी चालवली की केकॉन्फिग ती फाइल नव्याने लिहिते आणि तुमची टीप पुसली जाते. सेव्हडेफकॉन्फिगही टिपा ठेवत नाही. मूल्य जपायचे आणि कारण पुसायचे, हा या साधनाचा माझ्या मते सर्वांत मोठा दोष आहे.

त्यावर उपाय कर्नलमध्येच आहे. आपले निर्णय वेगळ्या छोट्या फाइलीत ठेवा, प्रत्येकावर कारण लिहा, आणि 'मर्ज_कॉन्फिग' ही स्क्रिप्ट वापरून ती फाइल मूळ डेफकॉन्फिगमध्ये मिसळा. उदाहरणार्थ :

# मूळ विभाजन ईएक्सटी४, इनिटरॅमएफएस नाही, म्हणून अंगभूत
कॉन्फिग_ईएक्सटी४_एफएस=वाय

याचे दोन फायदे आहेत. ही फाइल केकॉन्फिग पुन्हा लिहीत नाही, म्हणून कारण टिकते. आणि तुम्ही मागितलेले मूल्य शेवटच्या डॉट-कॉन्फिगमध्ये आले नाही तर ही स्क्रिप्ट तसे कळवते, म्हणजे तिसऱ्या भागातला गप्पपणाही काही अंशी सुटतो. कर्नलची आवृत्ती बदलताना जुन्या व नव्या डॉट-कॉन्फिगवर 'डिफकॉन्फिग' स्क्रिप्ट चालवा. मूळ मूल्ये तुमच्या नकळत कुठे बदलली ते दिसेल.

माझ्या टिपणांतले ते वाक्य मी बदलले आहे. आता तिथे असे आहे : "बूट होताना लागणारे सर्व अंगभूत ठेवा, बाकीचे मॉड्यूल करायचे की नाही ते कारण लिहून ठरवा." आणि प्रकल्पाच्या गुणपत्रिकेत चालणाऱ्या बोर्डाइतकेच गुण या कारणांच्या फाइलीला ठेवले आहेत.

स्वाध्याय

१. तुमच्या डॉट-कॉन्फिगमधील कोणतेही दहा पर्याय घ्या. प्रत्येकाचे कारण एका वाक्यात लिहा. किती वाक्ये 'तसाच आला होता' या अर्थाची झाली ते मोजा.

२. ईएक्सटी४ मुद्दाम 'एम' करून बूट करा. मग ते 'वाय' करून एमएमसीचा ड्रायव्हर 'एम' करा. हा प्रयोग 'रूटवेट'सह आणि त्याशिवाय, असा दोनदा करा. तिन्ही वेळचे संदेश नोंदवून त्यांतील फरक स्पष्ट करा.

३. तुम्हाला निरुपयोगी वाटलेला मदतीचा एक मजकूर निवडा आणि तो चार ओळींत नव्याने लिहा : पर्याय काय करतो, नसल्यास काय दिसेल, आणि खात्री कशी करावी.