हवा बाष्प 'धरून' ठेवत नाही : एका वाक्याची उलटतपासणी

'गरम हवा थंड हवेपेक्षा जास्त बाष्प धरून ठेवते.' हे वाक्य तुम्ही शाळेच्या भूगोलात वाचलंय, 'बाष्पधारण क्षमता' हा शब्द पाठही केलाय. आता तुम्ही संशोधनाकडे वळताय, आणि हेच वाक्य तुम्हाला शोधनिबंधांच्या प्रस्तावनेतही भेटणार आहे. आजची पोस्ट या वाक्याच्या विरोधात आहे. शब्द शुद्ध हवेत म्हणून हा विरोध नाही. या वाक्यामुळे आर्द्रतेचे आकडे चुकीचे वाचले जातात, हा माझा मुद्दा आहे.

आधी वाक्याची बाजू मांडू. हिशेबापुरतं ते चालतं. पाण्याचा संपृक्त बाष्पदाब २० अंश सेल्सिअसला साधारण २३.४ हेक्टोपास्कल असतो आणि ३० अंशांना ४२.४. हवा म्हणजे स्पंज आणि तापमान वाढलं की स्पंज मोठा होतो, असं मानलं तरी दव, धुकं, ढग यांचं ढोबळ उत्तर बरोबर येतं. परीक्षेत गुणही मिळतात.

आता एक बंद बरणी घ्या. तळाशी थोडं पाणी ठेवा आणि वरची सगळी हवा काढून टाका. तापमान २० अंश. थोड्या वेळाने बाष्पाचा दाब किती होईल? तोच, साधारण २३.४ हेक्टोपास्कल. हवा परत भरली तर हा आकडा बदलतो, पण अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे 'धरून ठेवणारी' हवा नसतानाही बाष्प तेवढंच! हे नवं नाही. हवेत पाणी विरघळतं ही कल्पना ल रॉय यांनी १७५१ मध्ये मांडली होती, आणि १८०१-०२ च्या सुमारास डाल्टननी दाखवून दिलं की बाष्पाचा दाब सोबतच्या हवेवर अवलंबून नसतो. स्पंज तेव्हाच बाद झाला, वाक्य मात्र राहिलं.

ठरवतं कोण? पाण्याचा पृष्ठभाग. त्यातून रेणू सतत सुटतात, काही परत येतात. सुटणारे आणि परतणारे सारखे झाले की आपण 'संपृक्त' म्हणतो. तापमान वाढलं की सुटणारे वाढतात, म्हणून समतोलासाठी बाष्पही जास्त लागतं. बस्स.

क्रेग बोरेन यांनी 'क्लाउड्स इन अ ग्लास ऑफ बीअर' (१९८७) या पुस्तकात या 'धरून ठेवण्या'ची चांगलीच खिल्ली उडवली आहे. त्यावर नेहमीचं उत्तर असं येतं : 'आकडा बरोबर येतो ना? मग शब्दांवरून भांडण कशाला?' हे उत्तर शून्याच्या वरच्या तापमानाला खपून जातं. शून्याखाली मात्र आकडाही बरोबर येत नाही.

ढगातलं पाणी शून्याखाली लगेच गोठत नाही. उणे १० अंशांना ढगात अतिशीत थेंब आणि बर्फाचे स्फटिक शेजारी-शेजारी असू शकतात. थेंबावरचा संपृक्त बाष्पदाब २.८६ हेक्टोपास्कल, बर्फावरचा २.६०. बर्फातले रेणू जास्त घट्ट बांधलेले असतात : एक किलो पाण्याची वाफ करायला शून्य अंशाला साधारण २५ लाख ज्यूल लागतात, तर बर्फाची थेट वाफ करायला २८ लाखांहून जास्त. त्यामुळे जी हवा पाण्याच्या दृष्टीने नेमकी १०० टक्के, तीच बर्फाच्या दृष्टीने ११० टक्के. हवा तीच, तापमान तेच. मग स्पंजाची क्षमता कोणती मानायची? स्पंजवाल्यांकडे याला उत्तर नाही. आणि याच फरकामुळे थेंब आटतात, स्फटिक वाढतात आणि अशा ढगांतून पाऊस-हिम पडतं. वेगेनर, बर्जरॉन आणि फिंडआयझन यांच्या नावाने आपण हीच प्रक्रिया शिकतो.

आता मोजमापाकडे या, कारण तुमचं काम तिथे अडणार आहे. बलूनसोबत वर जाणाऱ्या रेडिओसाँडची सापेक्ष आर्द्रता शून्याखालीही पाण्याच्या तुलनेतच नोंदवायची, असा जागतिक हवामान संघटनेचा संकेत आहे. समजा उणे २० अंशांना नोंद आहे ८५ टक्के. स्पंज डोक्यात असेल तर तुम्ही लिहाल, 'हवा असंपृक्त आहे, ढग असण्याची शक्यता कमी.' बर्फाच्या तुलनेत मोजून बघा : सुमारे १०३ टक्के. म्हणजे त्या थरात स्फटिक चक्क वाढत असतील! एका उलट्या निष्कर्षावर अख्खं प्रकरण उभं राहू शकतं.

उपकरणंही हाच प्रश्न विचारतात. थंड आरशाच्या आर्द्रतामापीत आरसा गार करत नेतात आणि त्यावर काहीतरी जमलं की तापमान नोंदवतात. पण जमलेलं दव आहे की हिम? बाष्पदाब २.६० हेक्टोपास्कल असेल तर हिम उणे १० अंशांना टिकतं, दव मात्र उणे ११.२ च्या आसपास. ओल्या बल्बच्या कापडावरचं पाणी गोठलं तर तिथेही वेगळा गुणांक वापरावा लागतो. गंमत म्हणजे आजच्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक सेन्सरमध्ये पॉलिमरचा पातळ थर असतो, तो खरोखर बाष्प शोषतो. स्पंज शोधायचाच असेल तर तो यंत्रात आहे, हवेत नाही. आणि कडक थंडीत तो फार सावकाश प्रतिसाद देतो, हेही लक्षात ठेवा.

'आम्ही तर मुंबई-पुण्याचा डेटा वापरतो, बर्फाचं काय?' असं म्हणाल. ठीक. समजा पहाटे २५ अंश आणि ९० टक्के, दुपारी ३३ अंश आणि ५७ टक्के. 'दुपारी हवा कोरडी झाली' असं लिहिण्याआधी बाष्पदाब काढा. दोन्ही वेळी तो सुमारे २८.५ हेक्टोपास्कल आहे. बाष्प कुठेच गेलं नाही, बदललं ते फक्त तापमान. आणि पावसाच्या बातम्यांतलं ते 'दर अंशाला ७ टक्के' आठवतंय? ती संपृक्ततेच्या मर्यादेतली वाढ आहे, प्रत्यक्ष बाष्पातली नाही. दोन्ही एकच असती तर सापेक्ष आर्द्रता स्थिर राहिली असती. पण आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार २००० नंतर जमिनीवर पृष्ठभागालगतची सापेक्ष आर्द्रता घटली आहे.

म्हणून आर्द्रतेचा कुठलाही आकडा समोर आला की आधी विचारा : कशाच्या तुलनेत, पाण्याच्या की बर्फाच्या? कोणत्या तापमानाला? आणि यंत्राने खरंच काय मोजलं, बाष्प, तापमान की शोषलेलं पाणी? ही उत्तरं निबंधाच्या पद्धती विभागात सापडली नाहीत, तर निष्कर्षाकडे जाऊ नका. आणि तुमचा स्वतःचा संशोधन आराखडा लिहाल तेव्हा 'बाष्पधारण क्षमता' खोडून 'पाण्यावरील' किंवा 'बर्फावरील संपृक्त बाष्पदाब' लिहा. दोन शब्द वाढतील, पण तुलना कशाशी चाललीय हे वाचणाऱ्याला आणि तुम्हालाही कळेल.