बाल्टिक समुद्रातील फ्यूकस : जाती की एकाच रोपाचा विस्तार?

मचूळ पाण्यातील सागरी शैवलांच्या जनुकीय वैविध्याविषयी गेल्या दोन दशकांत जे लेखन झाले, त्यात बाल्टिक समुद्रातील फ्यूकसचे प्रकरण सर्वांत बोधप्रद होय. बॉथ्नियन समुद्रात पाण्याची क्षारता हजारी 4 ते 5 भागांपर्यंत उतरते. तेथील खुज्या, अरुंद पात्यांच्या शैवलास 2005 मध्ये ‘फ्यूकस रॅडिकॅन्स’ असे नाव देऊन त्याची स्वतंत्र जाती म्हणून स्थापना करण्यात आली. पुढे 2009 मध्ये ही जाती फ्यूकस व्हेसिक्युलोससपासून अवघ्या सुमारे 400 वर्षांपूर्वी विलग झाली असावी, असा अंदाजही मांडला गेला. बाल्टिकमध्ये खारे पाणी शिरून जेमतेम 8,000 वर्षे झाली, हे लक्षात घेतल्यास या अंदाजाचे आकर्षण सहज कळते. जातीचा जन्म जणू डोळ्यांदेखत पाहावयास मिळाला!

तथापि या मताचा पाया पहिल्यापासूनच संशयास्पद होता. इतक्या अल्प क्षारतेत फ्यूकसचे फलन नीट होत नाही. एका अंड्यात अनेक शुक्रपेशी शिरून गर्भ नष्ट होतात. उलट, गळून पडलेल्या बारीक फांद्या मूलाभ फुटून खडकास चिकटतात व वाढतात. स्वीडनच्या किनाऱ्यावर एकच मादी वंश, अर्थात एकच क्लोन, 500 किलोमीटरांहून अधिक पसरला असल्याचे पुढे सिद्ध झाले. अशा स्थितीत प्रत्येक झुडूप स्वतंत्र व्यक्ती म्हणून मोजल्यास त्या एका वंशाची जनुकरूपे पुनःपुन्हा गणली जातात आणि शेजारच्या समूहापासूनचे अंतर अकारण फुगते. पुनरुक्ती गाळावी, तर तुलनेस नमुने फारच थोडे उरतात. आकाराचा पुरावाही तितकाच दुबळा आहे. एका रोपाच्या लक्षावधी तुकड्यांत साम्य असणारच. त्यास जातिलक्षण मानणे म्हणजे कलमी आंब्याच्या बागेवरून आंब्याची नवी जाती ठरविण्यासारखे आहे.

2025 मध्ये गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी अधिक विस्तृत जनुकीय तपासणी करून हा प्रचंड वंश फ्यूकस व्हेसिक्युलोससचाच असल्याचे दाखविले. पूर्वी ज्या संशोधकवर्गाने वेगळ्या जातीचा पक्ष मांडला होता, त्याच वर्तुळातून ही दुरुस्ती यावी, हे विशेष उल्लेखनीय.

प्रश्न केवळ नामकरणाचा नाही. मासे व लहान प्राणी यांना आसरा देणारी ही शैवलवने वरून विस्तीर्ण दिसली, तरी कित्येक ठिकाणी त्यांत एकच जनुकसंच आहे. पाणी तापले वा आणखी गोडे झाले, तर निवड होण्यास लागणारा भेदच तेथे अत्यल्प. म्हणून संरक्षणाच्या याद्यांत केवळ क्षेत्रफळ नोंदवून भागणार नाही. किती वंश आहेत, हेही नोंदविले पाहिजे. मात्र स्वीडनचा निर्णय सर्वत्र लागू करण्याची घाईही वर्ज्य होय. एस्टोनियाच्या किनाऱ्यावर याच नावाने ओळखल्या गेलेल्या शैवलांत लैंगिक प्रजनन बरेच अधिक आढळते. त्यांचा विचार स्वतंत्रपणेच व्हावयास हवा.