शारजाची तबकडी आणि किराणा

अ‍ॅटमपंक म्हटलं की तुम्हाला ‘फॉलआउट’ आठवणार. अणुशक्तीवर धावणाऱ्या गाड्या, जाहिरातीतली हसरी कुटुंबं आणि मग बॉम्ब. म्हणजे १९४५ ते १९६५ च्या सुमारास अमेरिकेनं रंगवलेलं भविष्य, आज मागे वळून पुन्हा रंगवलेलं.

पण तुम्ही यूएईत असाल, तर त्याच वळणाची एक खरीखुरी वास्तू शारजात उभी आहे: ‘फ्लाइंग सॉसर’. १९७८ साली उघडलेली काँक्रीटची गोल इमारत. मधे घुमट, भोवती चांदणीसारखं टोकदार छत, खाली व्ही आकाराचे खांब. देश स्थापन होऊन तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती.

अ‍ॅटमपंकमधलं भविष्य नेहमी हुकलेलं असतं. त्याची गंमतही तीच आणि दुःखही तेच. शारजातलं भविष्य मात्र हुकलं नाही, ते वापरलं गेलं. तबकडीत आधी रेस्टॉरंट होतं, पेपर आणि भेटवस्तूंचं दुकान होतं. पुढे तिथे सुपरमार्केट आलं, नंतर चिकनही विकलं गेलं.

२०१२ मध्ये शारजा आर्ट फाउंडेशननं ती घेतली आणि २०२० च्या सप्टेंबरमध्ये दुरुस्त करून कलादालन म्हणून उघडली. काम देखणं झालंय. नंतर चढवलेले थर काढल्यामुळे आतला मोकळा गोल पुन्हा दिसतो. आमची तक्रार एवढीच, की हे थर म्हणजेच सुपरमार्केटची वर्षं. गल्फमध्ये नोकरीला आलेली माणसं महिन्याचं सामान भरत होती, ती वर्षं. रेट्रो म्हणजे निवड असते, आणि त्या निवडीत किराणा बहुधा बाद होतो.

गंमत बघा, त्याच्या महिनाभर आधी, ऑगस्ट २०२० मध्ये, बराका प्रकल्पाची पहिली अणुभट्टी ग्रिडला जोडली गेली. खरं अणुयुग आलं ते अल धफ्राच्या किनाऱ्यावर, आणि त्याला कोणी रेट्रो म्हणत नाही!

तेव्हा पुढचं अ‍ॅटमपंक बघताना एक प्रश्न जरूर विचारा: या घरात सामान कोण आणून देतं, हे काँक्रीट कोणी ओतलं? आपल्याकडे ट्रॉम्बेला १९५६ मध्येच ‘अप्सरा’ सुरू झाली होती. मराठीत हा प्रकार लिहायचा, तर अमेरिकेकडून गाडी उसनी आणायची गरज नाही. शारजातल्या त्या सामानाच्या पिशव्यांपासून सुरुवात केली तरी पुरे.