धुऱ्यावरचं ऋतुचक्र

मंडळी, आज दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'बद्दल बोलायचंय, आणि थोडी तक्रारही करायचीय. १९५६ सालचं हे पुस्तक. चैत्र ते फाल्गुन, महिन्यामागून महिना. झाडाला नुसतं 'सुंदर' म्हणून पुढे न जाता त्याची पालवी, मोहोर, शेंग निरखत थांबायला मराठी गद्याला बाईंनी शिकवलं. त्यात वाद नाही.

तक्रार त्यांच्यामागून आलेल्या ललित लेखांबद्दल आहे. त्यांतल्या पुष्कळांनी बाईंची नजर घेतली नाही, कॅलेंडर तेवढं उचललं. फाल्गुन आला की पळस, वैशाख आला की गुलमोहर. (तोही मूळचा मादागास्करचा!) पायाखाली दगड कुठला, हे कुणी सांगतच नाही.

अन् दगडावर तर पुष्कळ काही ठरतं. अनसिंगचा आपला दगड काळा, लाव्हाचा. त्याची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिकडे गडचिरोलीत सिरोंच्याकडे वाळूचा दगड लागतो, आपल्याहून कितीतरी जुना; त्या भागात डायनोसॉरची हाडं सापडलीत. तो झिजला की भुसभुशीत रेती होते. तिथल्या पायवाटेवर उकिडवं बसून पाहा. नरसाळ्यासारखे इवले खड्डे, तळाशी दबा धरून बसलेली अळी. मुंगी घसरली की खालून रेतीचा मारा. आपल्या चिकण वावरात तिला असा खड्डा जमत नाही. इथं तिला शोधायचं तर देवळाच्या नाहीतर गोठ्याच्या वळचणीला, पाऊस न पोचणाऱ्या कोरड्या धुळीत. महिना तोच, पण पत्ता बदलला. हा पत्ता आम्हाला ललित लेखांत हवा आहे.

मारुती चितमपल्लींनी तो पुष्कळदा दिला. वनखात्यात राहून रानातल्या माणसांच्या तोंडची नावं त्यांनी पुस्तकात आणली. पण त्यांचा जीव अधिक पाखरांत रमला. किडे राहिले ते राहिलेच.

आता आपल्या धुऱ्यावर या. सोयाबीनच्या वावरात आपल्याजवळ दोनच शब्द उरलेत, तण आणि कीड. फवारणी धुऱ्यापर्यंत जाते. तरोटा गेला, की त्यावर अंडी घालणारी पिवळी फुलपाखरं गेली. रुईचं तर काय सांगावं! तिच्या चिकात विष, पण तिथली पट्टेरी अळी तेच खाऊन अंगात साठवते. पुढं तिचं केशरी फुलपाखरू होतं तेव्हाही पाखरं सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. एका झुडपावर एवढं नाट्य, आणि लेखक अजून गुलमोहरापाशीच! ज्याला आपण 'तण' म्हणून मोकळे होतो, त्याच्यासाठी फवारणीचा पंप कोण थांबवणार? आम्ही शेतकऱ्याला दोष देत नाही. निंदणाची मजुरी त्याला विचारा. लिहिणाऱ्यांनी मात्र त्याच्या धुऱ्याकडे कधी पाहिलंच नाही, हे आमचं म्हणणं.

उद्या सकाळी पुसद रोडनं चालायला येणाऱ्यांनी 'ऋतुचक्र'मधला श्रावण वाचून यावं. तरोट्याची पानं उलटी करून पाहायचीत.