दोन बर्फांच्या मधली पंगत

जपानी चित्रकार उतागावा हिरोशिगेचं 'शिमोसुवा' हे चित्र पहिल्यांदा पाहणाऱ्याची बहुधा थोडी निराशा होते. हिरोशिगे म्हटलं की आपण तिरक्या पावसाची, मुक्या बर्फाची, चांदण्यात बुडालेल्या नदीची वाट पाहतो. इथे त्यातलं काहीच नाही. एका सराईची आतली खोली आहे. प्रवासी जेवायला बसले आहेत, प्रत्येकापुढे त्याचा त्याचा छोटा चौरंग आहे, वाढायला बाई आहे. डाव्या बाजूला न्हाणीत एक जण गरम पाण्यात बसला आहे. संपलं चित्र.

आणि हे चित्र कुठलं? तर जपानच्या ऐन डोंगराळ भागातल्या अशा गावाचं, जिथे चित्रकाराने नुसती मान वळवली असती तरी विषय मिळाला असता. गावापुढे सुवा सरोवर पसरलेलं आहे. सुवा या प्राचीन तीर्थाची दोन मंदिरं गावातच आहेत. जमिनीतून गरम पाण्याचे झरे वर येतात. नाकासेन्दो मार्गावरच्या एकोणसत्तर टप्प्यांपैकी असे झरे असलेला हा एकटाच टप्पा. हिरोशिगेने सरोवर सोडलं, देऊळ सोडलं, डोंगर सोडले आणि तो सरळ घरात शिरला. त्याने हे का केलं असेल, या प्रश्नापासूनच चित्राची गोडी लागायला सुरुवात होते.

हे चित्र एकटं जन्मलेलं नाही. एदो, म्हणजे आजचं टोकियो, आणि क्योतो यांना जोडणारा नाकासेन्दो हा डोंगरातून जाणारा रस्ता सुमारे 530 किलोमीटरचा. किसो खोऱ्यातून जातो म्हणून त्याला किसोकाइदो असंही म्हणत. त्याच्या टप्प्यांवरची चित्रमालिका 1835च्या सुमारास केइसाई एइसेन या चित्रकाराने सुरू केली आणि पुढे हिरोशिगेने तिचा मोठा भाग केला. एकूण 71 चित्रं. एइसेनची 24, हिरोशिगेची 47. लाकडी ठशांवरून छापलेले हे कागद सुटे विकले जात. पण ते रस्त्याच्या क्रमाने ओळीत लावले, की एक गंमत दिसते.

शिमोसुवाच्या आधीचं चित्र वादा या टप्प्याचं, हेही हिरोशिगेचंच. त्यात वादा घाट आहे, सगळा पांढरा. डोंगरांच्या थंडगार उतारांमधून वाट वर जाते आणि तिच्यावर लहान लहान माणसं पाय ओढत चालली आहेत. हा घाट नाकासेन्दोवरचा सर्वांत उंच, दीड हजार मीटरच्याही वर. वादा ते शिमोसुवा हे अंतर पाच री अठरा चो, म्हणजे साडेएकवीस किलोमीटरच्या आसपास. एका टप्प्यापासून पुढच्या टप्प्यापर्यंत एवढं लांब अंतर या मार्गावर दुसरीकडे कुठेही नाही. घाटाचा त्रास एवढा, की 1828मध्ये कासेया योहेई नावाच्या एदोतल्या व्यापाऱ्याच्या देणगीतून इथे एक अन्नछत्रच उभं राहिलं. नोव्हेंबर ते मार्च या काळात येणाऱ्या प्रत्येक वाटसरूला वाडगाभर पेज आणि शेकायला आगटी, आणि त्याच्या घोड्याला शिजवलेला कोंडा, असा तिथला शिरस्ता होता.

शिमोसुवानंतरचं चित्र शिओजिरीचं, ते एइसेनचं. त्यात घाटमाथ्यावरून दिसणारं सुवा सरोवर आहे. ते गोठून कडक झालंय, माणसं त्यावरून चालत पलीकडे जातायत, आणि लांब क्षितिजावर फुजी.

म्हणजे अलीकडे बर्फ, पलीकडे बर्फ आणि मध्ये ही जेवणाची पंगत. एकट्या चित्रात जे साधं, घरगुती, किंचित नीरस वाटत होतं, ते या जागी ठेवल्याबरोबर ऊबदार होतं. शिमोसुवाच्या चित्रात थंडी काढलेलीच नाही. ती शेजारच्या चित्रांकडून उसनी येते. वादाच्या बर्फात रुतलेले पाय आणि इथे टाकीतल्या गरम पाण्यात बसलेला देह, या दोन गोष्टींमध्ये साडेएकवीस किलोमीटर आहेत आणि ते आपण पान उलटताना चालतो. सरोवर का नाही, याचं उत्तरही इथेच मिळतं. एवढा घाट उतरून आलेल्या माणसाला सरोवर दिसत नाही. त्याला पाणी दिसतं ते न्हाणीतलं, आणि डोंगर दिसतो तो भाताचा. हिरोशिगेने गावाचं नव्हे, दमलेल्या माणसाच्या नजरेचं चित्र काढलं आहे.

या चित्रात आणखी एक गोष्ट नाही, आणि ती लक्षात यायला हिरोशिगेचंच दुसरं चित्र शेजारी ठेवावं लागतं. तोकाइदो या समुद्राकाठच्या मार्गावरच्या त्याच्या मालिकेत, साधारण 1833-34मधल्या, 'गोयू' हे चित्र आहे. त्याच्या उपशीर्षकाचा अर्थ, वाटसरूंना अडवणाऱ्या बायका. तिन्हीसांजेची वेळ, रस्ता अंधारत चाललेला. सराईच्या दोन दणकट बायका दोन प्रवाशांवर तुटून पडल्या आहेत. एकीने प्रवाशाच्या पाठीवरचं गाठोडं असं धरलंय की त्याची गाठ गळ्याशी आवळली जाते आणि बिचाऱ्याचा चेहरा वाकडा होतो. मुक्कामाची जागा निवडण्याचा हा प्रसंग; फक्त निवडणारा कोण आणि निवडला जाणारा कोण, एवढाच घोळ.

उजवीकडे सराईच्या ओट्यावर एक जण आधीच हार मानून बसलाय. तो पायातली गवती पायताणं सोडतोय आणि एक म्हातारी पाय धुवायला पाण्याची बादली घेऊन येतेय. वर खिडकीत एक बाई रेलून हा सगळा तमाशा पाहतेय. तिला हे रोजचंच. तिचा तो कंटाळा नसता, तर बाहेरची झोंबाझोंबी नुसता विनोद झाली असती. तिच्यामुळे कळतं की हे एका संध्याकाळचं नाही, हा धंदा आहे. तोंडाने म्हणायचं वाढणाऱ्या बायका आणि रात्री त्यांना गिऱ्हाइकांपुढे उभं करायचं, ही त्या काळातल्या सरायांची उघड गोष्ट होती. सरकारने एका सराईला अशा दोनच बाया ठेवायची मर्यादा घातली होती आणि ती सर्रास मोडली जात होती.

याच चित्रात सराईच्या भिंतीवर एक मोठी गोल पाटी आहे. तिच्यावर सराईचं नाव नाही. चित्राचा प्रकाशक ताकेनोउची याची जाहिरात आहे. आत टांगलेल्या पाट्यांवर ठसे कोरणाऱ्याचं, छापणाऱ्याचं आणि खुद्द चित्रकाराचं नाव. गिऱ्हाईक ओढण्याच्या चित्रात प्रकाशकाने आपणही हळूच गिऱ्हाइकाची बाही धरली आहे. ही लबाडी कळली की चित्राकडे पाहताना हसू आवरत नाही.

पण गोयूमध्येच एवढी ओढाओढ का? उत्तर पुन्हा अंतरात आहे. गोयूचा पुढचा टप्पा आकासाका फक्त सोळा चो दूर, पावणेदोन किलोमीटरही नाही. तोकाइदोवरचं हे सर्वांत कमी अंतर. दमलेला माणूसही 'जरा पुढे बघू' म्हणू शकतो, आणि म्हणूनच त्याचं गाठोडं धरून ठेवावं लागतं. उलट शिमोसुवाला येणारा घाट पार करून आलेला. त्याला कोणी ओढायला नको, तो आपणहून उंबऱ्यावर कोसळतो. एका चित्रकाराने सर्वांत जवळच्या टप्प्यावर दाराबाहेरचं चित्र काढलं आणि सर्वांत लांबच्या टप्प्यावर दाराच्या आतलं. त्याने हे हिशेब करून केलं असेल असं मी म्हणणार नाही. पण रस्त्याची जाण असलेल्या माणसाचा हात आपोआप तिकडे वळतो.

निवडीचा हा प्रश्न त्या काळच्या प्रवाशांनाही छळत होता, आणि त्यातून एक छान व्यवस्था उभी राहिली. ओसाकामध्ये कापूस पिंजायच्या धनुकलीची तात बनवणारी मात्सुया नावाची पेढी होती. तिचा माल घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या गेन्सुके नावाच्या कारभाऱ्याला एकट्या माणसाला सराईवाले कसे वागवतात याचा पुरता अनुभव होता. 1804मध्ये या पेढीने 'नानिवा-को' नावाचं मंडळ काढलं. मार्गावरच्या भरवशाच्या सराया निवडून त्यांच्या दारावर मंडळाची पाटी लावली, प्रवाशांना ओळखीची फळी दिली आणि यादीचं पुस्तक छापलं. अट दोन्हीकडून होती: सराईवाल्याने ओढाओढ करायची नाही, आणि उतरणाऱ्याने जुगार, बाया आणि दारूचा धिंगाणा करायचा नाही. चांगली जागा निवडायची तर आपणही चांगला पाहुणा असावं लागतं, ही अट मला फार आवडते. पिंजाऱ्याच्या सामानाच्या फेरीवाल्याला ती सुचली, हेही त्याला शोभेसंच.

शब्दांकडेही जरा पाहू. दोन वेळच्या जेवणासह उतरायची सोय करणाऱ्या सराईला जपानीत 'हातागो' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ घोड्याचा चारा न्यायची टोपली. त्याहून स्वस्त 'किचिन्यादो', म्हणजे शब्दशः जळणाच्या पैशांची सराई: तांदूळ तुमचे, शिजवायचं तुम्ही, घरमालकाला फक्त लाकडांचे पैसे. सरदारांसाठी वेगळी 'होन्जिन', तिथे सामान्याला प्रवेश नाही. म्हणजे जागेची प्रत सजावटीवरून नव्हे, चुलीवरून ठरत होती. हिरोशिगेने शिमोसुवामध्ये होन्जिन काढली नाही, चौरंग आणि गरम पाणी काढलं. सरदार मिरवणुकीत शोभतात. मुक्काम पायी चालणाऱ्याचा असतो.

आणि शिमोसुवाचं पाणी काही साधं नाही. गावातल्या एका झऱ्याची कथा अशी, की सरोवरापलीकडच्या मंदिरातली देवी नवऱ्याशी भांडून निघाली, निघताना तिथलं ऊन पाणी कापसाच्या बोळ्यात भिजवून घेतलं, आणि इथे येऊन तो खाली ठेवला. तिथेच झरा फुटला. म्हणून तो कापसाचा झरा. हिवाळ्यात सरोवर गोठून बर्फात लांब भेग उमटते, तेव्हा लोक म्हणतात, देव रुसलेल्या देवीला भेटायला बर्फावरून चालत गेला. या भेगेच्या नोंदी 1443पासून ठेवल्या गेल्या आहेत. एइसेनच्या चित्रात माणसं ज्या बर्फावरून चालतायत, तो बर्फ हाच.

आज नाकासेन्दोवरची त्सुमागो आणि नाराई ही गावं जपून ठेवली आहेत. नाराईची जुनी गल्ली एका किलोमीटरच्या आसपास लांब, दोन्ही बाजूंना लाकडी घरं. त्सुमागोच्या गावकऱ्यांनी 1971मध्ये 'विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही' असा ठराव केला. इथे रात्र काढायची जागा शोधणारा आज छायाचित्रं पाहतो: खिडकीतून डोंगर दिसतो का, बागेत दगडी दिवा आहे का. हिरोशिगे त्याला वेगळं काही सांगेल. दिवसभरात किती चालून येणार ते आधी ठरव, आणि मग एवढंच विचार, पोचल्यावर गरम पाणी आणि वाढलेलं ताट असेल का. बाकीचं सरोवर सकाळी दिसेलच.

ही तीन चित्रं कधी हाताशी आली, तर शिमोसुवाचं एकटं पाहू नका. वादाचं डावीकडे ठेवा, शिओजिरीचं उजवीकडे, आणि मग मधल्या खोलीत या.