सरासरीच्या ताटात कोण जेवले?

सरकारी अहवालही साहित्यकृतीसारखा वाचावा, असे मला वाटते. त्यात काय सांगितले याइतकेच काय गाळले, हेही तपासावे लागते.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या घरगुती उपभोग खर्चाच्या अहवालांनुसार २०११-१२ ते २०२३-२४ या काळात विषमतेचा गिनी गुणांक ग्रामीण भागात ०.२८३ वरून ०.२३७ वर आणि शहरी भागात ०.३६३ वरून ०.२८४ वर आला. शून्य म्हणजे सर्वांचा खर्च सारखा. एक म्हणजे सगळा खर्च एकट्याचा. मधल्या काळात पाहणीची पद्धत बदलली होती. तरीही २०२५ साली अशाच मोजणीच्या आधारे, भारत जगातील सर्वांत समताधिष्ठित देशांपैकी एक आहे, असा डांगोरा सरकारी पत्रकाने पिटला.

माझा पहिला आक्षेप खर्च या मापालाच आहे. गरीब मिळवतो ते सगळे खर्चून टाकतो. श्रीमंताचे उरते, त्याची जमीन होते, शेअर होतात. ते उपभोगात धरत नाहीत. उलट सावकाराकडून पैसे काढून दवाखान्यात भरले, की गरिबाचा खर्च वाढतो आणि कागदावर तो वर चढतो!

दुसरा आक्षेप घराविषयी आहे. पाहणी घराचा खर्च माणसांच्या संख्येने भागते. १९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची. आम्हा पोरांना वाढून झाल्यावर भाकरीचा जो तुकडा उरे, तो तिचा. त्या भागाकारात तिच्या वाट्याला अख्खी भाकरी आली असती.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. गिनीला माणसाचे नाव, जात कळत नाही. वरचा खाली आणि खालचा वर गेला, तरी आकडा तोच. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिच्यात कोणत्या पायरीवर कोण, हाच तर प्रश्न आहे! त्याचे उत्तर २०२२-२३ च्या अहवालातल्या दुसऱ्या तक्त्यात आहे. ग्रामीण भागात अनुसूचित जातींचा दरडोई मासिक खर्च ३,४७४ रुपये, 'इतरां'चा ४,३९२. शहरात ५,३०७ आणि ७,३३३. म्हणजे 'इतर' शंभर रुपये खर्च करतात तेव्हा आपला माणूस गावात ७९ करतो, शहरात ७२. शहरात जात विरते असे आपल्याला सांगण्यात आले. हा तक्ता तसे सांगत नाही. अनुसूचित जमातींचा ग्रामीण आकडा तर ३,०१६ वरच थांबतो.

म्हणून आकडे फेकून द्या, असे मी म्हणत नाही. १९७१ मध्ये दांडेकर आणि रथ यांनी याच पाहणीच्या आकड्यांतून देशाचे दारिद्र्य देशासमोर मांडले. २०१७-१८ च्या पाहणीचे निष्कर्ष सरकारने रोखून धरले, तेही आकड्यांना धार असते म्हणूनच. आपल्या विद्यार्थ्यांनी हे तक्ते उघडावेत, जातवार आणि बाईच्या ताटापर्यंत मोजणी मागावी. ज्याला मोजलेच नाही, त्याला समतेत बसवणे फार सोपे असते.